बेदी, गोयल, शिवलकर : क्रम लावायचा तरी कसा?

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळ जामठ्याला विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ आणि केरळच्या ३४२ धावा झाल्या होत्या. त्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला. त्या हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणालाच मिळाले नव्हते. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, मुंबईत पद्माकर शिवलकर गेले. ते ८४ वर्षांचे होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

हर्ष दुबे डावखुरा फिरकी गोलंदाज, शिवलकरही डावखुरे फिरकी गोलंदाज. त्या आठवड्यात आपल्या आर्वीत जिथे चार क्रिकेटवेडे भेटले तिथे हाच विषय होता. तरुण मंडळींचा वाद हर्ष दुबे आणि आदित्य सरवटे यांच्यावर. सरवटे हाही विदर्भाचाच डावखुरा फिरकी गोलंदाज. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात जामठ्यालाच सौराष्ट्रचे ११ बळी घेऊन त्याने करंडक राखून दिला होता, आणि २०२५ मध्ये तो केरळकडून आपल्याविरुद्ध उभा होता. वयस्कर मंडळी मात्र थेट पन्नास वर्षे मागे गेली : बिशनसिंग बेदी मोठे, की राजिंदर गोयल, की शिवलकर? कोणी एकूण बळी सांगत होते, कोणी सरासरी. प्रत्येकाचा आकडा खरा होता आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा.

एकाच काळातल्या, एकाच प्रकारच्या दोन गोलंदाजांची तुलना सोपी वाटते. काळ तोच, नियम तेच, चेंडू तोच. तरीही ती अवघड असते, आणि का अवघड असते हे नीट कळले तर क्रम लावणेही जमते. म्हणून हा खटाटोप.

आधी ६९ हाच आकडा घेऊ. त्याआधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा : २०१८-१९ मध्ये ६८ बळी. आणि त्याच्याही आधीचा विक्रम बेदींचा : १९७४-७५ मध्ये दिल्लीकडून ६४ बळी. तो ४४ वर्षे टिकला. तिघेही डावखुरे फिरकी गोलंदाज हा मोठा सुंदर योगायोग. आता ६४, ६८, ६९ असे चढत्या क्रमाने लावले की हर्ष दुबे पहिला येतो. सरासरी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, पाहिली तर चित्र साफ उलटते. अमनची सरासरी ६.४८, बेदींची ८.५३ आणि दुबेची १६.९८. या हिशेबाने अमन पहिला आणि दुबे शेवटचा.

यातला कुठला क्रम खरा? माझ्या मते दोन्ही नाहीत. २०१८-१९ मध्ये रणजीत नऊ नवे संघ एकदम आले आणि ते सगळे प्लेट या खालच्या गटात होते. अमनने आपले बळी त्या गटात घेतले. समोर बहुतेक प्रथम श्रेणीचा पहिलाच हंगाम खेळणारे फलंदाज होते. बेदींच्या हंगामातही उत्तर विभागातले काही संघ दुबळे होते. त्याच हंगामात जम्मू-काश्मीरविरुद्ध त्यांनी अवघ्या ५ धावांत ७ बळी घेतले. हर्ष दुबेने मात्र आपले ६९ बळी एलिट या वरच्या गटातल्या संघांविरुद्ध घेतले आणि हंगाम अंतिम सामन्यापर्यंत खेचला. समोर कोण होते हे विचारल्याशिवाय बळींचा आकडा बोलत नाही.

दुसरा प्रश्न खेळपट्टीचा. आर्वीच्या वाचकाला माती समजावून सांगायची गरज नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते, पाऊस पडला की कशी चिकटते, हे आपण जन्मापासून पाहतो. क्रिकेटची खेळपट्टीही मातीचीच असते. काळ्या चिकणमातीची खेळपट्टी दाबून बसवली तर बराच काळ धरून राहते आणि चेंडू संथ, खाली राहतो. लाल मातीची लवकर सुटते आणि चेंडू उसळतो, वळतो. पाणी किती दिले, रोलर किती फिरवला, गवत किती ठेवले यावर पुढचे चार-पाच दिवस ठरतात. २०१५ च्या नोव्हेंबरात जामठ्यालाच दक्षिण आफ्रिकेचा संघ ७९ धावांत बाद झाला तेव्हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. तशा खेळपट्टीवरचे पाच बळी आणि पाटा खेळपट्टीवरचे पाच बळी धावफलकात सारखेच दिसतात.

या दोन्ही प्रश्नांवर जगात सर्वांत जास्त डोके कोणी खपवले असेल तर ते अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अभ्यासकांनी. बेसबॉलमध्ये आपल्या गोलंदाजाच्या जागी पिचर असतो. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून तो फलंदाजाकडे चेंडू फेकतो, टप्पा नसतो. नऊ डावांमागे तो सरासरी किती धावा देतो, ही त्याची मुख्य मोजणी. १९६० च्या दशकात तिथल्या नॅशनल लीगमध्ये तीन थोर पिचर एकाच वेळी खेळत होते : लॉस एंजेलिस डॉजर्सचा सँडी कोफॅक्स, सेंट लुईस कार्डिनल्सचा बॉब गिब्सन आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा हुआन मारिशाल. त्या दशकात सर्वाधिक सामने मारिशालने जिंकले, १९१. पण सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार कोफॅक्सला तीनदा, गिब्सनला दोनदा मिळाला आणि मारिशालला एकदाही नाही. त्याचे ऐन बहराचे हंगाम नेमके इतरांच्या त्याहून मोठ्या हंगामांशी जुळले. १९६६ मध्ये त्याने २५ सामने जिंकले, कोफॅक्सने २७.

मग अभ्यासकांनी मैदाने तपासली. डॉजर स्टेडियम हे पिचरला साथ देणारे मैदान, आणि तिथे कोफॅक्सची सरासरी १.३७ इतकी अद्भुत आहे. म्हणजे त्याच्या थोरवीतला काही वाटा मैदानाचा ठरतो. १९६८ मध्ये गिब्सनची सरासरी १.१२ होती. पण त्या वर्षी सगळेच पिचर भारी पडले होते, इतके की पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. २००० साली बोस्टनच्या पेद्रो मार्टिनेझची सरासरी १.७४ होती. नुसते आकडे पाहिले तर गिब्सन पुढे. पण गिब्सनच्या लीगची त्या वर्षीची सरासरी ३ च्या आसपास होती आणि मार्टिनेझच्या लीगची ५ च्या जवळ. गिब्सनने इतरांच्या सुमारे ३७ टक्के धावा दिल्या, मार्टिनेझने सुमारे ३५ टक्के. त्याच दिवसांत, त्याच परिस्थितीत इतरांनी काय केले, त्याच्याशी ताडून पाहणे ही खरी युक्ती. ती क्रिकेटला जशीच्या तशी लागू पडते.

मद्रासच्या चेपॉकवर झालेला १९७२-७३ च्या रणजीचा अंतिम सामना या युक्तीने तपासून पाहू. मुंबईने सलग पंधराव्यांदा करंडक जिंकला तो हा सामना. मुंबईचे डाव १५१ आणि ११३, तमिळनाडूचे ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर खेळ संपला. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले : सामन्यात ३४ धावांत १३. खेळपट्टी फिरकीची होती हे उघड आहे. त्यामुळे कोणी म्हणेल, अशा खेळपट्टीवर कोणीही बळी घेतले असते. पण त्याच खेळपट्टीवर तमिळनाडूकडून वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन कसोटी फिरकी गोलंदाज गोलंदाजी करत होते. चारही डावांत मिळून ४०५ धावा आणि ४० बळी. शिवलकरांचे ३४ धावा आणि १३ बळी वजा केले तर उरतात ३७१ धावा आणि २७ बळी, म्हणजे बळीमागे जवळपास १४ धावा. शिवलकरांनी बळीमागे तीनहून कमी दिल्या. त्याच मातीवर, त्याच दोन दिवसांत, इतर सगळ्यांच्या पाचपट भारी. या आकड्यातून खेळपट्टीचे श्रेय वजा झालेले आहे. उरते ते माणसाचे.

अर्थात मुंबईच्या फलंदाजांसमोर गोलंदाजी करणे तमिळनाडूच्या फलंदाजांसमोर करण्यापेक्षा कठीण होते, कारण मुंबईकडे गावसकर आणि वाडेकर होते. तेही धरून चाला, तरी पाचपट हा फरक कुठेही जात नाही. रणजीच्या इतिहासात एका फिरकी गोलंदाजाने अंतिम सामन्यावर इतकी हुकमत गाजवलेली मला दुसरी ठाऊक नाही.

आता त्या तिघांची पूर्ण कारकीर्द. गोयल यांचा जन्म १९४२ चा, हरियाणातल्या नरवाण्याचा. १९५८-५९ ते १९८४-८५ या काळात १५७ प्रथम श्रेणी सामन्यांत ७५० बळी, सरासरी १८.५८. त्यातले ६३७ बळी रणजीतले, आणि तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. शिवलकरांचा जन्म १९४० चा. १२४ सामन्यांत ५८९ बळी, सरासरी १९.६९. बेदींचा जन्म १९४६ चा, अमृतसरचा. ३७० सामन्यांत १५६० बळी, सरासरी २१.६९, आणि त्यात ६७ कसोटींतले २६६ बळी.

वरवर पाहिले तर गोयल पहिले, शिवलकर दुसरे, बेदी तिसरे. पण बेदींच्या सरासरीत कसोटी सामने मिसळलेले आहेत. कसोटीत त्यांची सरासरी २८.७१ होती, कारण तिथे समोर लॉइड होते, इयन चॅपेल होते, बॉयकॉट होते. तो भाग वेगळा काढून हिशेब केला तर कसोटीबाहेरचे १२९४ बळी उरतात आणि त्यांची सरासरी येते सुमारे २०.२५. आता तिघांच्या सरासऱ्या शेजारी ठेवा : १८.५८, १९.६९, २०.२५. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात दोन धावांचाही फरक नाही. बेदींच्या त्या आकड्यात इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमधली नॉर्दम्प्टनशायरकडून केलेली वर्षानुवर्षांची गोलंदाजीही आहे, जिथे थंडी, ओलसर हवा आणि आठवड्यात सहा दिवस खेळ. अशा परिस्थितीत दोन धावांच्या फरकावर कोणी क्रम लावत असेल तर तो आकड्यांकडून त्यांच्या ताकदीपेक्षा जास्त काम करून घेतो आहे. आकडे इतकेच सांगतात की हे तिघे एकाच पायरीवर उभे होते. त्या पायरीवर उजवे-डावे ठरवायला दुसरीकडे पाहावे लागेल.

पाहावे लागेल ते सोबत्यांकडे. गोलंदाज एकटा बळी घेत नाही, विशेषतः फिरकी गोलंदाज. त्याचे निम्मे बळी शॉर्ट लेग, सिली पॉइंट, स्लिप आणि यष्टिरक्षक यांच्या हातांत असतात. बेसबॉलमध्ये २००१ साली व्होरॉस मॅक्रॅकन या अभ्यासकाने हाच मुद्दा काढून खळबळ उडवली. फलंदाजाने चेंडू टोलवल्यानंतर पुढे काय होते यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्याहून खूप कमी असतो, ते क्षेत्ररक्षकांवर आणि नशिबावर जाते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ विचार टिकला.

तो विचार शिवलकरांना लावला तर मुंबईचा वाटा दिसतो. त्यांच्यासाठी फलंदाजाच्या नाकासमोर एकनाथ सोलकर उभे असत. सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, आणि त्यातले बरेच फलंदाजापासून हातभर अंतरावर, तेही हेल्मेटशिवाय. फलंदाजी इतकी बळकट की बहुतेक वेळा पाठीशी मोठी धावसंख्या. समोरचा संघ दडपणाखाली आणि कर्णधाराला आक्रमक क्षेत्ररचना लावायची मुभा. गोयल यांच्याकडे यातले फारसे नव्हते. हरियाणाचा संघ नवा होता. १९७५ मध्ये कपिल देव आला, ऑफस्पिनर सरकार तलवार सोबतीला होते, पण फलंदाजी मुंबईसारखी कधीच नव्हती. पुष्कळदा गोयल यांना दिवसभर एका टोकाने टाकत राहावे लागे. दुसऱ्या बाजूने हेही खरे की उत्तर विभागात सेनादल आणि जम्मू-काश्मीर हे संघ त्या काळात कमकुवत होते, तर पश्चिम विभागात मुंबईला महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांच्याशी दरवर्षी भिडावे लागे. एक पारडे सोबत्यांचे, दुसरे प्रतिस्पर्ध्यांचे. माझ्या अंदाजात ती दोन्ही जवळपास समतोल येतात.

गोलंदाजीची तऱ्हा मात्र तिघांची निराळी. बेदींची धाव हलकी, हात सुरेख वर्तुळात फिरायचा, चेंडू डोळ्यांच्या वर जायचा आणि मग खाली यायचा. त्याच हातातून तीन वेगांचे चेंडू सुटत आणि फलंदाजाला ते सुटल्यावरच कळत. गोयल यांचा चेंडू सपाट आणि थोडा जलद. टप्पा त्यांचा असा पक्का की फलंदाजाला मारायला जागाच राहत नसे. षटकामागे सरासरी दोनच्या आसपास धावा त्यांनी आयुष्यभर दिल्या. शिवलकर या दोघांच्या मधले. उंची द्यायचे, पण टप्प्याचा हट्ट गोयल यांच्यासारखा, आणि सरळ जाणारा चेंडू नेमक्या वेळी. मुंबईच्या शिवाजी पार्कात विनू मंकडांच्या नजरेत भरलेला हा मुलगा गाणेही सुरेख म्हणायचा.

मग गोयल आणि शिवलकर यांना कसोटी का मिळाली नाही? एकाच वाक्यात सांगायचे तर बेदी होते म्हणून. पण ते पुरेसे नाही. साठच्या दशकात भारताकडून बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी हे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एकाच कसोटी संघात खेळले आहेत. सत्तरच्या दशकात मात्र बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन अशी चौकडी जमली. चौघे चार तऱ्हांचे किंवा निदान तीन तऱ्हांचे. चौघांच्या मिळून ८५३ कसोटी बळी. त्यात दुसऱ्या डावखुऱ्याला जागा करायची तर या चौघांपैकी कोणाला तरी बाहेर काढावे लागले असते. आणि १९६८ नंतर गोयल हे दिल्लीच्या संघातही बेदींच्याच सोबत होते. १९७३ मध्ये ते हरियाणाकडे गेले, पण उत्तर विभागाच्या संघात पुन्हा तीच सावली.

एकदा दार उघडले होते. नोव्हेंबर १९७४, वेस्ट इंडिजविरुद्धची बंगलोर कसोटी. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर शिस्तभंगाच्या कारणावरून मंडळाने बेदींना बाहेर ठेवले आणि गोयल यांना बोलावले. वय ३२, ऐन भरात. सामन्याच्या सकाळी मात्र ते अकरा जणांत नव्हते. संघात तीन फिरकी गोलंदाज खेळले, त्यात एकही डावखुरा नव्हता. भारत २६७ धावांनी हरला. व्हिव रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज यांची ही पहिली कसोटी, आणि आपल्या शेजारच्या अमरावतीत जन्मलेल्या हेमंत कानिटकरांचीही. त्यांनी पहिल्या डावात ६५ धावा केल्या. पुढच्या कसोटीत बेदी परतले आणि गोयल यांच्यासाठी ते दार पुन्हा कधी उघडले नाही. बेदींचा ६४ बळींचा विक्रमी रणजी हंगाम तो हाच, १९७४-७५ चा. संघाबाहेर काढल्याचा राग त्यांनी चेंडूतून काढला असावा असे मला नेहमी वाटत आले आहे.

नशिबाचा वाटा किती असतो हे दिलीप दोशींकडे पाहिले की कळते. दोशीही डावखुरे फिरकी गोलंदाज, बंगालचे. जन्म १९४७ चा, बेदींहून एकाच वर्षाने लहान. प्रथम श्रेणीत ८९८ बळी, सरासरी २६.५८, कसोटी वगळल्या तर सुमारे २६. म्हणजे गोयल आणि शिवलकरांपेक्षा बळीमागे सहा-सात धावा जास्त, जरी त्यातला काही भाग कौंटीतल्या फलंदाजीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांच्या खात्यावर जमा करायला हवा. तरीही दोशींना ३३ कसोटी मिळाल्या आणि त्यांनी ११४ बळी घेऊन त्या संधीचे सोने केले. १९७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये बेदींची कसोटी कारकीर्द संपली. त्या सप्टेंबरात जागा रिकामी झाली तेव्हा दोशी ३१ वर्षांचे होते, गोयल ३७ ला टेकलेले आणि शिवलकर ३९ चे. चेंडू वळवण्याच्या कौशल्याशी या तीन आकड्यांचा काही संबंध नाही, पण कोण कसोटीपटू म्हणून ओळखला जाईल हे त्यांनीच ठरवले.

आज निवडकर्त्यांची दृष्टी बदलली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जामठ्यावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल हे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एकत्र खेळवले. जडेजाने पहिल्या डावात पाच बळी घेतले, अक्षरने ८४ धावा काढल्या, आणि सामना भारताने एक डाव आणि १३२ धावांनी जिंकला. दोघेही फलंदाजी करतात हा त्यांचा मोठा आधार. गोयल आणि शिवलकर दोघेही शेवटच्या क्रमांकांवर येणारे. त्यांना फलंदाजी येत असती तर इतिहास निराळा झाला असता, असे मला ठामपणे वाटते.

मग बेदी केवळ संधीमुळे मोठे का? तसे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांची तुलना त्यांच्याच काळातल्या इंग्लंडच्या डावखुऱ्या डेरेक अंडरवुडशी करून पाहा. अंडरवुडचे ८६ कसोटींत २९७ बळी, सरासरी २५.८३. सरासरीत अंडरवुड पुढे. पण त्या काळी इंग्लंडमध्ये खेळपट्ट्या पावसात उघड्या राहत, आणि ओली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की अंडरवुडचा मध्यमगती चेंडू विंचवासारखा उसळे. १९६८ मध्ये ओव्हलवर पावसानंतर प्रेक्षकांनीही हातभार लावून मैदान कोरडे केले आणि अंडरवुडने ५० धावांत ७ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला हरवले. बेदींना अशी मदत क्वचितच मिळाली. शिवाय अंडरवुड प्रत्येक कसोटीत सरासरी साडेतीनच्या आत बळी घेत असे. बेदी जवळपास चार घेत, आणि तेही तीन थोर फिरकी गोलंदाजांसोबत वाटून घेत असताना. फिरकीचे माहेर न मानल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियात १९७७-७८ च्या दौऱ्यात त्यांनी पाच कसोटींत ३१ बळी घेतले, त्यातले दहा पर्थच्या कसोटीत. पॅकरच्या खासगी मालिकेत बरेच खेळाडू गेल्यामुळे समोरचा संघ दुबळा झाला होता हे खरे, पण पर्थची खेळपट्टी काही दुबळी झालेली नव्हती.

म्हणून माझा क्रम असा : बेदी, गोयल, शिवलकर, दोशी. बेदी पहिले, कारण त्यांच्या कौशल्याला जगाने प्रत्येक मातीवर आणि प्रत्येक हवेत तपासले आणि ते टिकले. गोयल आणि शिवलकर यांच्यात केसाचे अंतर. दुबळ्या संघाकडून, जवळचे क्षेत्ररक्षक तितके तोलाचे नसताना, इतकी वर्षे सातत्य राखल्याबद्दल मी गोयल यांना पुढे ठेवतो. पण एकच सामना जिंकायचा असेल आणि खेळपट्टी सुटलेली असेल तर मी चेंडू शिवलकरांच्या हातात देईन. दोशी चौथे, आणि तेही सन्मानाने चौथे. सुनील गावसकरांनी १९८३ मध्ये आपल्या आदर्श खेळाडूंवर जे पुस्तक लिहिले त्यात एकही कसोटी न खेळलेल्या गोयल आणि शिवलकर या दोघांना स्थान दिले, आणि २०१७ साली भारतीय क्रिकेट मंडळाने त्या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार एकत्रच दिला. दोघांना एकाच ओळीत उभे करण्याचा हा न्याय मला योग्य वाटतो.

हर्ष दुबे आणि आदित्य सरवटे यांच्या वादाला मात्र अजून उत्तर नाही. दोघांची कारकीर्द चालू आहे. फक्त एवढे सांगतो : २०२५ चा तो अंतिम सामना दोघे एकाच खेळपट्टीवर, एकाच पाच दिवसांत, विरुद्ध बाजूंनी खेळले आहेत. चेपॉकचा हिशेब जसा मांडला तसा तुम्हीही मांडून पाहा. धावफलक कोणालाही मिळतो, आणि उत्तर तुमचे तुम्हाला सापडेल.

शेवटी आर्वी, पुलगाव, तळेगाव, कारंजा इथे सामने भरवणाऱ्या तरुणांना एक विनंती. तुमचे स्कोअरबुक सामना संपल्यावर फेकू नका. त्यात नुसते बळी आणि धावा न लिहिता खेळपट्टी कशी होती, झेल किती सुटले आणि समोर कोण होते हेही चार शब्दांत लिहा. आपल्या तालुक्यात चांगला फिरकी गोलंदाज तयार झाला तर त्याचे खरे मोल ठरवायला तेवढीच वही उपयोगी पडेल.